‘अमाउता’ नेमकं काय होतं: पक्षाचं मुखपत्र की साहित्याचं मासिक?

प्रश्न असा आला आहे: पेरूची राजधानी लिमा इथून १९२६ ते १९३० या काळात निघालेल्या ‘अमाउता’ या स्पॅनिश मासिकाचे जेमतेम ३२ अंक निघाले. तरीही लॅटिन अमेरिकेतल्या डाव्या विचाराचा विषय निघाला की त्याचं नाव आवर्जून का घेतलं जातं? आणि ते कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र होतं की साहित्य-कलेचं मासिक?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ‘अमाउता’ मुखपत्र नव्हतं. त्याचा पहिला अंक निघाला तेव्हा ज्याचं मुखपत्र व्हावं असा पक्षच पेरूमध्ये नव्हता. आणि ते निव्वळ साहित्याचं मासिकही कधी नव्हतं. मी नियतकालिकांच्या संपादनात आणि छपाईत बरीच वर्षं घालवली आहेत, स्पॅनिश वाचतो, आणि ‘अमाउता’चे अंक पुन्हा पुन्हा चाळत आलो आहे. त्यामुळे विचारांचा इतिहास म्हणून बघण्याआधी मी त्याकडे मासिक म्हणून बघतो: छापखाना कुणाचा, पैसा कुठून येत होता, गठ्ठे कोण वाटत होतं, आणि कोणत्या मजकुराशेजारी कोणता मजकूर लागत होता. ‘अमाउता’चा जहालपणा मला सगळ्यात जास्त या शेवटच्या गोष्टीत दिसतो.

संपादक होसे कार्लोस मारिआतेगी. जन्म १८९४ चा, दक्षिण पेरूतल्या मोकेग्वा गावचा. लहानपणी डावा पाय दुखावला तो कायमचा अधू झाला. शाळा फार झाली नाही. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो ‘ला प्रेन्सा’ या दैनिकात पोऱ्या म्हणून लागला. निरोप पोचवायचे, कागद ने-आण करायचे, जुळाऱ्यांच्या हाताखाली काम करायचं. तिथूनच तो ‘हुआन क्रोनिकर’ या टोपणनावाने लिहू लागला आणि पुढे नाव मिळवलं. विद्यापीठाची पदवी नसलेला, पण छापखान्याचं अंग पुरतं ठाऊक असलेला माणूस असा त्याचा घाट होता. १९१९ मध्ये त्याने आणि सेसार फाल्कोनने ‘ला रासोन’ हे दैनिक काढलं, कामगारांची आणि विद्यार्थ्यांची बाजू घेतली. सत्तेवर नुकताच आलेला अध्यक्ष आउगुस्तो लेगिया याने दोघांना सरकारी खर्चाने युरोपला धाडून दिलं. कागदोपत्री ती नेमणूक होती. प्रत्यक्षात अडचणीची माणसं दूर पाठवण्याची ती सभ्य रीत होती.

युरोपातला बराचसा काळ त्याने इटलीत काढला. कारखाने ताब्यात घेणारे कामगार, समाजवादी पक्षाची फूट, फॅसिझमचा उदय, हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावर लिमाच्या वर्तमानपत्रांसाठी लिहिलं. १९२३ च्या मार्चमध्ये तो पत्नी आना क्याप्पे आणि मुलासह परत आला. पुढच्याच वर्षी उजवा, म्हणजे तोवर धड असलेला पाय कापावा लागला. त्यानंतरची सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली, आणि त्याचं महत्त्वाचं म्हणावं असं जवळजवळ सगळं काम याच सहा वर्षांतलं आहे. लिमातल्या वॉशिंग्टन रस्त्यावरच्या त्याच्या घरात एक खोली होती, तिला येणारे-जाणारे ‘लाल कोपरा’ म्हणत. संध्याकाळी तिथे कवी, चित्रकार, विद्यार्थी, कापडगिरणीतले कामगार आणि अँडीज पर्वतातून आलेले शेतकरी एकत्र बसत. ते घर आज संग्रहालय आहे.

आता छापखान्याकडे येतो. १९२५ मध्ये मारिआतेगी आणि त्याचा भाऊ हुलिओ सेसार यांनी मिनेर्वा नावाची प्रकाशनसंस्था आणि छापखाना उभा केला. माझ्या मते ‘अमाउता’च्या इतिहासातली ही पहिली महत्त्वाची घटना आहे आणि बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकली जाते. ज्याचा छापखाना स्वतःचा नाही, त्याचं मासिक सरकारला बंद करावं लागत नाही. छापखानेवाल्याला दम दिला की भागतं. मिनेर्वामुळे तो मार्ग लेगियाला उरला नाही. शिवाय छापखाना पुस्तकं काढत होता, बाहेरची कामं घेत होता. स्वतः मारिआतेगी ‘व्हारिएदादेस’ आणि ‘मुंदिआल’ या दोन खपाच्या साप्ताहिकांत नियमित सदरं लिहून घर चालवत होता. म्हणजे संपादक मासिकावर जगत नव्हता. उलट संपादकाच्या इतर लेखणीवर मासिक जगत होतं.

पहिला अंक सप्टेंबर १९२६ चा. मासिकाचं नाव आधी ‘व्हान्ग्वार्दिया’ ठेवायचं घाटत होतं. चित्रकार होसे साबोगाल याने ‘अमाउता’ सुचवलं. इंका काळातल्या ज्ञानी गुरूला क्वेचुआ भाषेत अमाउता म्हणत. मुखपृष्ठही साबोगालचंच, ठसठशीत रेषांतलं इंका पुरुषाचं मस्तक. साबोगाल मेक्सिकोला जाऊन तिथल्या भित्तिचित्रकारांचं काम बघून आला होता, आणि ते त्याच्या रेषेत उतरलं होतं. अंक मोठ्या आकाराचा. आत एकीकडे लुइस वाल्कार्सेल या कुस्कोच्या इतिहासकाराचं अँडीजमधून उठणाऱ्या वादळाविषयीचं लेखन, दुसरीकडे झिग्मुंड फ्रॉइडचा मनोविश्लेषणाला होणाऱ्या विरोधावरचा लेख, आणि तिसरीकडे मूळनिवासींच्या हक्कांसाठी पूर्वी झालेल्या ‘प्रो-इंदिखेना’ संघटनेच्या कामाचा आढावा, तोही त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या दोरा मायेर यांच्या हातचा. १९२६ मधलं लिमा डोळ्यांपुढे आणा. तिथल्या सुशिक्षितांना पॅरिसमध्ये काय चाललंय ते कळत होतं, पण चार दिवसांच्या वाटेवरच्या गावात काय चाललंय ते जाणून घ्यायचं नव्हतं. ‘अमाउता’ने दोन्ही एकाच अंकात, एकाच इभ्रतीने छापलं.

संपादकीय तर मुळातून वाचण्यासारखं आहे. मारिआतेगी म्हणतो, हे मासिक एका गटाचं नाही, एका चळवळीचं आहे. पेरूचे प्रश्न मांडायचे, उलगडायचे. पण पेरूकडे नेहमी जगाच्या पटावर ठेवून बघायचं. जे जे माणसाचं ते ते आपलं. इतकं वाचून कुणाला वाटेल की हे सर्वांसाठी खुलं व्यासपीठ आहे. तिथेच तो स्पष्ट सांगतो की येईल त्या वाऱ्याला दारं उघडी ठेवणारं हे व्यासपीठ नव्हे. हे मासिक माणसं पाखडून घेईल, दाणे आणि भूस वेगळं करील. पहिल्याच अंकात एवढं रोखठोक लिहायला धमक लागते, कारण त्याच अंकासाठी निरनिराळ्या मतांच्या माणसांकडून लेख मागितलेले असतात.

पाचव्या अंकापासून, म्हणजे जानेवारी १९२७ पासून, ‘अमाउता’त एक पुरवणी सुरू झाली: ‘एल प्रोसेसो देल गामोनालिस्मो’, अर्थात जमीनदारशाहीवरचा खटला. उपशीर्षक होतं मूळनिवासींच्या बचावासाठीचं पत्रक. पेरूच्या डोंगराळ भागात ‘गामोनाल’ म्हणजे नुसता मोठा जमीनदार नव्हे. न्यायाधीश, तालुक्याचा अधिकारी, पोलीस आणि बऱ्याचदा पाद्रीही त्याच्या शब्दात असायचा. गावाची सामाईक जमीन बळकावणं, गुरं हाकून नेणं, फुकट राबवून घेणं, आणि तक्रार केलीच तर उलट खटला भरणं, हा नित्याचा प्रकार. पत्रकात अशा तक्रारी छापल्या जात. ‘मूळनिवासींची दुर्दशा’ असं मोघम काही नाही; कोणत्या गावच्या लोकांवर काय अन्याय झाला आणि तो कुणी केला, असा मजकूर.

संपादनाची कामं केलेल्याला याचं वजन लगेच कळतं. कविता छापून शत्रू होत नाहीत. जमीनदाराचं नाव छापलं की होतात, आणि ज्याने माहिती पाठवली त्याच्या जिवाला घोर लागतो. बहुसंख्य मूळनिवासी शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे ही माहिती गावच्या प्रतिनिधींकडून, शिक्षकांकडून, वकिलांकडून आणि तालुक्याच्या गावांतल्या तरुण लेखकांकडून येत होती. काही प्रतिनिधी मजल दरमजल करत थेट लिमाला, त्या लाल कोपऱ्यात पोचत. पुरवणी आणि मासिक एकत्र बांधलेलं असल्यामुळे फ्रॉइड वाचायला अंक घेणाऱ्याच्या हातात ते पत्रकही पडत होतं.

याच लेखनातून मारिआतेगीचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तयार झाला. मूळनिवासींचा प्रश्न वंशाचा नाही, त्यांना शिकवून सुधारण्याचा नाही, दयाबुद्धीचाही नाही. तो जमिनीचा प्रश्न आहे. लेगिया सरकारही मूळनिवासींच्या कैवाराची भाषा करत होतंच. १९२० च्या राज्यघटनेने त्यांच्या सामाईक जमिनीच्या गावसमाजांना मान्यता दिली होती, त्यांच्यासाठी सरकारी संरक्षक मंडळही नेमलं होतं. आणि त्याच १९२० मध्ये कायदा झाला होता तो रस्त्यांच्या सक्तीच्या कामाचा: १८ ते ६० वयाच्या पुरुषांनी वर्षातले ठरावीक दिवस फुकट राबायचं किंवा त्याबदली पैसे भरायचे. पैसे भरणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्यावरच, म्हणजे मूळनिवासींवर, तो बोजा पडला. सरकारी कैवार आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतलं हे अंतर ‘अमाउता’च्या पानांवर उघडं पडत होतं. ही मांडणी पुढे १९२८ च्या अखेरीस मिनेर्वाने काढलेल्या, पेरूच्या वास्तवावरच्या सात निबंधांच्या पुस्तकात आली. आज ते पुस्तक लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवलं जातं. त्यातला पुष्कळ भाग आधी नियतकालिकांतून तुकड्या-तुकड्याने छापला गेला होता, हे मात्र विसरलं जातं.

वितरणाची बाजू. पुनो, कुस्को, आरेकिपा अशा गावांत प्रतिनिधी होते. ते बहुतेक स्वतःच लिहिणारे आणि आपापल्या गावी काही ना काही छापणारे. तितिकाका सरोवराकाठच्या पुनोतून गामालिएल चुराता आणि त्याचे सोबती ‘बोलेतिन तितिकाका’ काढत होते, तेही १९२६ ते १९३० याच काळात. दोन्ही नियतकालिकांत लेखकांची आणि अंकांची देवाणघेवाण चाले. ब्युनोस आयरिस, माँतेव्हिदेओ, हवाना, मेक्सिको इथल्या मासिकांशीही तसंच. अंकाच्या बदल्यात अंक, लेखाच्या बदल्यात लेख. मारिआतेगीच्या पत्रव्यवहारात तत्त्वचर्चेच्या जोडीला गठ्ठे पोचले का, वसुली किती झाली, वर्गणीदार वाढवा, असा मजकूर भरपूर आहे. नियतकालिक चालवणाऱ्या कुणालाही ती पत्रं ओळखीची वाटतील. लिमा हे पॅरिसकडे बघणारं शहर होतं. ‘अमाउता’ने त्याला पुनो आणि हवानाशी सरळ जोडून दिलं.

कवितेची आणि चित्रांची बाजू यात दुय्यम होती असं समजू नका. होसे मारिया एगुरेन हा स्वप्नाळू, प्रतीकवादी कवी. राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी १९२९ चा २१ वा अंक त्याच्या गौरवाचा काढला. मार्तिन आदान हा श्रीमंत घरातला, परंपरेकडे ओढा असलेला तरुण. त्याचं गद्य आणि सुनीतं मारिआतेगीने कौतुकाने छापली. पेरूचाच कवी सेसार वायेखो पॅरिसहून लिहीत होता. कार्लोस ओकेंदो दे आमातचा घड्या घातलेल्या एकाच लांब पट्टीवर छापलेला कवितासंग्रह मिनेर्वानेच १९२७ मध्ये काढला. आणि बायका! माग्दा पोर्ताल, ब्लांका लुस ब्रुम, आन्खेला रामोस, दोरा मायेर, चित्रकार हुलिया कोदेसिदो, सिनेमा आणि पुस्तकांवर लिहिणारी मारिया विएस्से. त्या काळातल्या पेरूत बायकांना मताचा अधिकार नव्हता, आणि इथे त्या ‘महिलांचं पान’ न भरता राजकारण, कविता, समीक्षा सगळ्यावर लिहीत होत्या.

जून १९२७ मध्ये सरकारने कम्युनिस्ट कट उघडकीस आल्याचं जाहीर केलं. कामगार पुढाऱ्यांची आणि लेखकांची धरपकड झाली, माग्दा पोर्तालला क्युबाला हद्दपार केलं, ‘अमाउता’ बंद केलं. नुकताच, मे महिन्यात, निघालेला नववा अंक साम्राज्यवादविरोधी मजकुराचा होता. मारिआतेगी अपंग आणि आजारी. त्याला सान बार्तोलोमे या लष्करी रुग्णालयात सहा दिवस अटकेत ठेवलं. त्याने जाहीर पत्र लिहून सांगितलं की माझ्या लेखांतल्या विचारांची जबाबदारी मी पूर्ण घेतो, पण कटाचा आरोप साफ नाकारतो. देशोदेशीच्या लेखकांनी निषेध केला. सहा महिने मासिक बंद राहिलं, आणि डिसेंबरमध्ये दहावा अंक निघाला.

यानंतरचं वर्ष, १९२८, हा ‘अमाउता’चा खरा वळणबिंदू. तोवर मारिआतेगी आणि विक्तोर राउल आया दे ला तोर्रे हे एकाच आघाडीत होते. आयाने हद्दपारीत, मेक्सिकोत १९२४ मध्ये ‘आप्रा’ ही लॅटिन अमेरिकाभरची साम्राज्यवादविरोधी आघाडी काढली होती आणि त्याचे लेखही ‘अमाउता’त येत. १९२८ मध्ये आयाने परस्पर त्या आघाडीचा निवडणुकीचा पक्ष करायला घेतला. मारिआतेगीला ते पटलं नाही, पत्रापत्री झाली, संबंध तुटले. सप्टेंबर १९२८ चा १७ वा अंक दुसऱ्या वर्धापनदिनाचा. आकार बदलला, अंक पुस्तकासारखा आटोपशीर झाला. संपादकीयात मारिआतेगीने लिहिलं की पहिला टप्पा संपला. ‘नवी पिढी’, ‘डावे’, ‘अग्रेसर’ ही बिरुदं आता नकोत, समाजवादी मासिक एवढं म्हटलं की पुरे. आणि पुढे ते वाक्य, जे लॅटिन अमेरिकेत आजही भिंतींवर लिहिलं जातं: अमेरिकेतला समाजवाद ही नक्कल किंवा प्रत असू नये, ती वीरोचित निर्मिती असली पाहिजे.

हे वाक्य फार वेळा एकटं उचललं जातं. काहींना वाटतं त्याने मार्क्सवादापासून फारकत घेतली. तसं मुळीच नाही; याच अंकापासून त्याने मार्क्सवादाच्या समर्थनाची लेखमाला सुरू केली. त्याचं म्हणणं एवढंच की सामाईक जमिनीची परंपरा ज्या देशात खेड्यांत जिवंत आहे, तिथला समाजवाद युरोपच्या कारखान्यांवरून जसाच्या तसा उतरवता येणार नाही. पुढच्याच महिन्यात त्याने आणि सोबत्यांनी पेरूचा समाजवादी पक्ष स्थापन केला. तरी त्याने ‘अमाउता’ला पक्षाचं पत्र केलं नाही. कामगारांसाठी नोव्हेंबर १९२८ पासून ‘लाबोर’ नावाचं वेगळं, स्वस्त पत्र काढलं. मोरोकोचाच्या खाणीत तळ्याचं पाणी घुसून कामगार बुडाले तेव्हा ‘लाबोर’ने तो विषय लावून धरला. सरकारने सप्टेंबर १९२९ मध्ये ते बंद पाडलं.

दुसऱ्या बाजूने टीका झाली ती मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलकडून, म्हणजे देशोदेशीच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेकडून. जून १९२९ मध्ये ब्युनोस आयरिसला झालेल्या परिषदेत पेरूचे प्रतिनिधी हुगो पेसे आणि हुलिओ पोर्तोकारेरो यांना खडे बोल ऐकावे लागले: पक्षाचं नाव ‘कम्युनिस्ट’ का नाही, पेरूला वेगळं वास्तव कसलं आलं? तिथे ‘वंशाचा प्रश्न’ या विषयावरही मतभेद झाले. लेगिया मारिआतेगीला मॉस्कोचा हस्तक म्हणत होता आणि मॉस्कोवाले त्याला पुरेसा शिस्तीतला मानत नव्हते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खरा दुवा सांगतो. ‘अमाउता’ सुरू होण्याआधी, १९२५ मध्ये आलेल्या मारिआतेगीच्या पहिल्या पुस्तकात पूर्वेच्या संदेशावर एक प्रकरण आहे आणि त्यात गांधी आणि रवींद्रनाथ ठाकूर या दोघांवर स्वतंत्र लेख आहेत. असहकार चळवळ मागे घेतल्यानंतरच्या गांधींविषयी तो आदराने लिहितो, त्यांच्या नैतिक बळाला मान देतो, पण चरख्याने कुठल्याही समाजाचा आर्थिक प्रश्न सुटेल हे त्याला पटत नाही. सहमत व्हा किंवा नका होऊ. लिमात चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस १९२० च्या दशकात भारतातल्या घडामोडी किती बारकाईने वाचत होता, हे त्यातून कळतं.

नोव्हेंबर १९२९ मध्ये पोलिसांनी त्याच्या घरावर पुन्हा छापा घातला. लिमात काम करणं अशक्य झालं तेव्हा बिऱ्हाड आणि ‘अमाउता’ दोन्ही ब्युनोस आयरिसला हलवायचं ठरत होतं. तिथला प्रकाशक सामुएल ग्लुसबेर्ग तयारीला लागला होता. पण १६ एप्रिल १९३० रोजी मारिआतेगी गेला, पस्तिसाव्या वर्षी. तिसावा अंक त्याच्या स्मृतीचा. शेवटचे अंक रिकार्दो मार्तिनेस दे ला तोर्रे याने काढले. ऑगस्टमध्ये लेगियाची सत्ता लष्करी उठावात गेली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या ३२ व्या अंकानंतर ‘अमाउता’ थांबलं. शेवटच्या दोन अंकांत मला आधीचं ‘अमाउता’ दिसत नाही. कविता आणि चित्रं मागे पडली, पक्षाची भाषा पुढे आली. मे १९३० मध्येच पक्षाने नाव बदलून ‘कम्युनिस्ट’ केलं होतं.

पुढे त्याच्या नावाचं बरंच काही झालं. १९३० च्या दशकात त्याच्याच पक्षात ‘मारिआतेगीवाद’ हे विचलन ठरलं. नंतर सगळ्यांनीच त्याला आपलं म्हटलं. १९८० च्या दशकात पेरूत भीषण हिंसाचार केलेल्या ‘सेंदेरो लुमिनोसो’चं नावसुद्धा ‘मारिआतेगीचा प्रकाशमय मार्ग’ या घोषणेतून आलं आहे. एगुरेनला अंक वाहणाऱ्या संपादकाचं नाव त्या संघटनेने वापरावं याचा मला आजही राग येतो. २०१९ मध्ये माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाने ‘अमाउता’ आणि त्याच्याभोवतीच्या कलावंतांच्या जाळ्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे साबोगालची मुखपृष्ठं चित्रांच्या बरोबरीने मांडली होती.

वाचायचं असेल तर निवडक लेखांच्या संग्रहापासून सुरुवात करू नका. सगळ्या ३२ अंकांची हुबेहूब प्रत लिमात १९७६ मध्ये निघाली, आणि मारिआतेगीच्या नावाच्या अभिलेखागाराने अंक इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. स्पॅनिश कच्ची असली तरी चालेल. पहिला, पाचवा आणि सतरावा, हे तीन अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, पुस्तकांच्या जाहिरातींसकट बघा. मग २१ वा, एगुरेनचा. पाचव्या अंकात पत्रकाच्या पानाआधी आणि नंतर काय छापलंय ते नीट टिपून ठेवा.